सिडनीत नवीन आलात आणि व्हॅन शोधताय? आधी वाट बघणं स्वस्त करा

२०२४ पासून भारतीय पासपोर्टवाल्यांना ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा मिळायला लागलाय, सबक्लास ४६२, वय १८ ते ३०, वर्षाला १००० जागा आणि त्यासाठी आधी लॉटरीत नाव निघावं लागतं. त्यामुळे आता पुणे, नाशिक, कोल्हापूरकडची पोरंपोरी पाठीवर सॅक घेऊन सिडनीत उतरायला लागलीत आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच प्लॅन असतो की एक जुनी व्हॅन घ्यायची, मागे गादी टाकायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वर केर्न्सपर्यंत जायचं. प्लॅन मस्तच आहे, जरूर करा. पण व्हॅन घ्यायच्या आधीचे जे काही आठवडे शहरात काढायचे असतात त्याबद्दल कोणी नीट बोलत नाही, म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं सरळ आहे. खराब व्हॅन गळ्यात पडते ती बहुतेक वेळा घाईमुळे. हॉस्टेलच्या डॉर्ममधे बेडला रात्रीचे ४०-५०-६० डॉलर जात असतात, बाहेरचं खाणं चालू असतं, पगार अजून सुरू नसतो, रोज अकाउंट बघितलं की पोटात गोळा येतो आणि मग माणूस स्वतःलाच समजावतो की अरे व्हॅन घेतली की निदान राहायचा खर्च तरी वाचेल, आणि जी पहिली चालू गाडी दिसते ती घेऊन टाकतो. म्हणून आधी आपलं शहरातलं राहणं इतकं स्वस्त करायचं की महिनाभर थांबावं लागलं तरी फरक पडणार नाही. विकणाऱ्याला "नको, राहू दे" म्हणता आलं पाहिजे, आणि ते म्हणायची ताकद फक्त स्वस्त खोलीतूनच येते.

आणि हो, व्हिसासाठी जे ५००० डॉलर दाखवायला लागतात ते म्हणजे व्हॅनचं बजेट नव्हे. आतून बेड वगैरे केलेली, चालण्यासारखी जुनी व्हॅन साधारण ५ ते १२ हजारांत फिरते, वर ट्रान्सफर, स्टँप ड्यूटी, इन्शुरन्स आणि पहिल्या महिन्यातली दुरुस्ती. दोघंतिघं मिळून घेणार असाल तर जमतं, एकट्याने घ्यायची तर आधी काम शोधा मग व्हॅन.

पहिला आठवडा

एअरपोर्टवरून ट्रेन पकडाल तर स्टेशनची एक वेगळी फी लागते, सतरा-अठरा डॉलरच्या घरात, नेहमीच्या तिकिटाच्या वर. ती वाचवायची असेल तर बाहेर येऊन ४२० नंबरची बस पकडायची आणि मॅस्कॉट स्टेशनला उतरून तिथून त्याच लाइनची ट्रेन, नेहमीच्या भाड्यात. सामान फार असेल आणि रात्र झाली असेल तर मात्र देऊन टाका ती फी, जीव महत्त्वाचा.

ओपल कार्ड, म्हणजे इथलं ट्रेन-बसचं कार्ड, घ्यायचीही गरज नाही, तुमचं कुठलंही टॅप करायचं डेबिट-क्रेडिट कार्ड चालतं, फक्त चढताना आणि उतरताना तेच एक कार्ड टॅप करा नाहीतर सगळ्यात जास्तीचं भाडं कापतात. व्हॅन शोधणाऱ्यांसाठी यात एक फार कामाची गोष्ट आहे, ती म्हणजे दिवसाची लिमिट. शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी कितीही फिरा, दहा डॉलरच्या पुढे कापत नाहीत, सोमवार ते गुरुवार हीच लिमिट वीसच्या आत आहे, आणि आठवड्याची पन्नास. म्हणजे व्हॅन बघायला पेनरिथ, लिव्हरपूल, गॉसफर्ड, जिकडे जायचंय ते सगळं शुक्रवार ते रविवारमधे बसवा. विकणारेही तेव्हाच मोकळे असतात.

सिम बूस्टचं घ्या, ते टेलस्ट्राच्या पूर्ण नेटवर्कवर चालतं. शहरात कुठलंही चालेल पण व्हॅन घेऊन आत गेलात की टेलस्ट्रा सोडून बाकी बऱ्याच जागी रेंज मिळत नाही, मग नंतर नंबर बदलत बसण्यापेक्षा आत्ताच घेतलेलं बरं.

बँक अकाउंट मोठ्या बँकांत भारतात बसूनच ऑनलाइन उघडता येतं, इथे येऊन पासपोर्ट दाखवायचा आणि चालू करायचं. टॅक्स फाइल नंबर, म्हणजे टीएफएन, इथे उतरल्यावर एटीओच्या, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याच्या, साइटवर फुकट मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट्स दिसतील त्या सोडून द्या. तो नंबर पोस्टाने येतो आणि यायला २८ दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणजे महिनाभर जिथे तुमच्या नावाची पत्रं नीट पोचतील असा पत्ता हवा. हा पत्ता पुढे व्हॅनच्या कागदांनाही लागणार आहे, म्हणून मी सारखं खोली खोली करतोय.

काम लागलं की मालकाला विचारा की तो वर्किंग हॉलिडेवाल्यांसाठी एटीओकडे रजिस्टर आहे का, असेल तर पहिल्या ४५,००० डॉलरवर १५ टक्केच टॅक्स कापला जातो, नसेल तर ३० टक्के कापतात. बारमधे काम करायचं असेल तर आरएसए हा छोटा कोर्स करावा लागतो, तो पहिल्याच आठवड्यात उरकून टाका.

राहायचं कुठे

पहिले तीन-चार दिवस हॉस्टेल ठीक आहे, किंबहुना सेंट्रल किंवा किंग्ज क्रॉसच्या बाजूच्या हॉस्टेलमधे राहाच, कारण परत निघालेले लोक तिथेच असतात, नोटीस बोर्डवर व्हॅनच्या चिठ्ठ्या असतात आणि कुठली गाडी कितीला गेली हे गप्पांत कळतं. पण महिना तिथे काढू नका.

बॉन्डाय, कूजी, मॅनली इकडे सगळे बॅकपॅकर जातात, समुद्र आहे, मजा आहे, पण खोली महाग आणि गाडी लावायला जागा नाही. आपल्या लोकांसाठी पश्चिमेकडचा पट्टा बरा, हॅरिस पार्क, पॅरामॅटा, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, पेंडल हिल, टूनगॅबी. पॅरामॅटाहून सेंट्रलला ट्रेनने अर्धा तास. हॅरिस पार्कच्या विग्रॅम स्ट्रीटवर चहा, वडापाव, डोसा, पाणीपुरी सगळं मिळतं, आसपासच्या किराणा दुकानांत पोहे, तूरडाळ, ज्वारीचं पीठ मिळतं, आणि शेअरिंगमधे एक रूम, बिलं धरून, अशा चिठ्ठ्या त्याच दुकानांच्या दारावर चिकटवलेल्या असतात. सिडनीचं मराठी मंडळही आहे, मासी म्हणतात त्याला, त्यांच्या गणपतीला-दिवाळीला गेलात की दोन-चार घरांशी ओळख होतेच. पहिल्याच भेटीत कोणाला राहायला जागा मागू नका, पण "काका, ओळखीचा चांगला मेकॅनिक आहे का" हे खुशाल विचारा, लोक मनापासून मदत करतात. वीस-पंचवीस वर्षं इथे गाड्या चालवलेली ही माणसं, कुठलं गॅरेज नीट बघतं आणि कुठलं उगाच पार्ट बदलायला लावतं हे त्यांना पाठ असतं.

पश्चिमेकडे राहण्याचा अजून एक फायदा आहे जो व्हॅन घेतल्यावर कळतो. घरांना ड्राइव्ह-वे असतात, रस्त्यावर फुकट पार्किंग बऱ्यापैकी मिळतं, म्हणजे व्हॅन आणली की दारात लावून आठवडाभर तिच्यावर काम करता येतं.

खोली घेताना बाँड म्हणजे डिपॉझिट, ते भाडेकरारात चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते सरकारकडे जमा करायचं असतं. पण तुम्ही बहुतेक दुसऱ्या भाडेकरूकडूनच रूम घेणार, तेव्हा निदान किती दिले, कशाचे दिले, परत कधी मिळणार आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं एवढं लिहून घ्या, मेसेजवर असलं तरी चालेल. नोटीस दोन आठवड्यांची मिळाली तर उत्तम, व्हॅन कधी मिळेल सांगता येत नाही.

खाण्यासाठी आल्डी हे स्वस्त सुपरमार्केट, आणि भाजीसाठी हेमार्केट किंवा फ्लेमिंग्टनचं पॅडीज मार्केट, बंद व्हायच्या वेळेला जा, पेट्या स्वस्तात काढतात. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका. कुकर भारतातून आणला असेल तर व्हॅनमधे सोन्यासारखा उपयोगी पडतो, गॅस कमी लागतो. भांडी, चादरी, खुर्च्या व्हिनीज आणि साल्वोजच्या सेकंडहँड दुकानांत घ्या. शहर सोडून जाणाऱ्यांकडे सगळा संसार फुकट मिळतो तोही बघा, पण खोलीत सामान वाढवू नका, शेवटी ते सगळं एका व्हॅनमधे मावायचंय.

लायसन्स

आपलं स्मार्टकार्ड लायसन्स इंग्रजीत असतं त्यामुळे सुरुवातीला चालतं, तरी निघायच्या आधी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणा, परिवहनच्या साइटवरून अर्ज होतो, फी १००० रुपये, वर्षभर चालतं. पोलीस असोत की इन्शुरन्सवाले, दोन्ही कागद दाखवले की प्रश्न कमी येतात. टेंपररी व्हिसावर सहा महिने न्यू साउथ वेल्समधे, म्हणजे सिडनीच्या राज्यात, राहिलात की मात्र इथलं लायसन्स काढावं लागतं आणि भारतीयांना त्यासाठी लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. स्टिअरिंग उजवीकडे, गाडी डावीकडून, हे आपल्यासारखंच आहे, त्यामुळे युरोपातून आलेल्यांपेक्षा आपल्याला लवकर जमतं. भारतात फक्त टू-व्हीलर चालवली असेल आणि कारचं लायसन्स नुसतं कागदावर असेल तर कृपा करून आधी कोणाबरोबर तरी आठवडाभर गाडी चालवा, मोठी व्हॅन मागे घेणं वेगळंच काम आहे.

आता रेगो, हे नीट वाचा

रेगो म्हणजे रजिस्ट्रेशन. भारतात एकदा टॅक्स भरला की पंधरा वर्षं बघायला नको, इथे तसं नाही, ते ठराविक मुदतीने रिन्यू करावं लागतं आणि ते राज्याचं असतं. जाहिरातीत किंमत आणि किलोमीटर बघायच्या आधी दोन गोष्टी बघा, नंबर प्लेट कुठल्या राज्याची आणि रेगो किती महिन्यांची शिल्लक आहे.

तुम्ही सिडनीत आहात, तर न्यू साउथ वेल्सची प्लेट असलेली गाडी सगळ्यात सोपी. विकणारा त्याच्या बाजूने विकल्याची नोंद करतो, तुम्ही पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, विक्रीची पावती घेऊन सर्व्हिस एनएसडब्ल्यूच्या, म्हणजे राज्य सरकारच्या, ऑफिसात जायचं आणि १४ दिवसांच्या आत नावावर करून घ्यायची, उशीर झाला की लेट फी. जाताना नेमके कोणते कागद चालतात ते त्यांच्या साइटवर आदल्या दिवशी बघून घ्या, बँकेच्या स्टेटमेंटवर पत्ता बदलून ठेवलेला असेल तर काम लवकर होतं. स्टँप ड्यूटी १०० डॉलरला ३, म्हणजे आठ हजारांच्या व्हॅनला २४०, आणि ट्रान्सफर फी वेगळी. किंमत कमी दाखवून ड्यूटी वाचवायला विकणारे सुचवतात, ते करू नका, पुढे भांडण झालं तर हातात तीच पावती असते.

पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीला इथे दर वर्षी पिंक स्लिप लागते, ती म्हणजे सेफ्टी तपासणी, आणि ग्रीन स्लिप लागते ती म्हणजे माणसांना झालेल्या इजेचा इन्शुरन्स. ग्रीन स्लिप गाडीबरोबर येते. दुसऱ्या राज्याची प्लेट इथली करायची, किंवा रेगो जाऊन तीन महिन्यांच्या वर झालेत, तर ब्लू स्लिप, ती फार कडक तपासणी असते आणि जुन्या व्हॅन तिथेच अडकतात. म्हणून "रेगो संपलीय पण गाडी एकदम फर्स्ट क्लास" अशी जाहिरात कितीही स्वस्त असली तरी सोडा.

सिडनीत क्वीन्सलंड, व्हिक्टोरिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया अशा सगळ्या प्लेटच्या व्हॅन विकायला असतात कारण लोक फिरत फिरत इथे येऊन विकतात. क्वीन्सलंड आणि व्हिक्टोरियात नाव बदलताना त्या राज्याचं तपासणी सर्टिफिकेट लागतं, ते साधारणपणे तिथल्याच गॅरेजमधून काढायला लागतं, मग सिडनीत बसून ते होणार कसं. विकणारा म्हणेल की तू नंतर तिकडे गेलास की कर, तर नाही म्हणा, तोपर्यंत गाडी दुसऱ्याच्या नावावर राहते. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची प्लेट बॅकपॅकरांत फार लोकप्रिय आहे, कारण तिथे ट्रान्सफरला तपासणी लागत नाही आणि दुसऱ्या राज्यात बसूनही कागद करता येतात. सोय म्हणून चांगली, पण तिची दुसरी बाजू अशी की त्या व्हॅनला कित्येक वर्षांत कुठल्याच तपासनीसाने बघितलेलं नसू शकतं, म्हणून ती घेताना मेकॅनिकला दुप्पट वेळ द्या. आणि ती न्यू साउथ वेल्समधेच ठेवून राहायचं असेल तर तीन महिन्यांत इथली रेगो घ्यावी लागते.

दोघांनी पैसे घालून घेताय? इथे रेगो एकाच्याच नावावर होते. पण रेगो म्हणजे मालकीचा पुरावा नसतो, मालकी पावतीवरून ठरते. म्हणून पावतीवर दोघांची नावं, कोणी किती दिले ते, गाडीचा व्हीआयएन म्हणजे चेसी नंबर, तारीख, विकणाऱ्याचं नाव, सही आणि त्याच्या लायसन्स किंवा पासपोर्टचा फोटो. मित्र कितीही जवळचा असला तरी एकाला मधेच परत जायचं झालं तर हिशेब कसा करायचा हे आधीच लिहून ठेवा, मैत्री टिकते.

कुठली व्हॅन

टोयोटा हायएस सगळ्यांना हवी असते, महागही आहे, पण विकताना पैसे परत येतात आणि कुठल्याही गावातल्या मेकॅनिकला ती माहिती असते. २.७ लिटर पेट्रोलला टायमिंग चेन असते. ३.० डिझेलला बेल्ट असतो जो दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो, आणि त्याच डिझेलच्या इंजेक्टर सीलचा त्रास प्रसिद्ध आहे, तेव्हा ते काम झाल्याची बिलं मागा. ह्युंदाई आयलोड थोडी स्वस्त पडते, मॉडेल २०२१ला बंद झालं पण पार्ट मिळतात. जुनी मित्सुबिशी एक्सप्रेस सगळ्यात स्वस्त दिसते आणि म्हणून घेतली जाते, पण तिला क्रॅश टेस्टमधे ५ पैकी १ स्टार मिळाला होता, चालवणाऱ्याचे पाय अगदी पुढच्या पत्र्याला टेकलेले असतात, हायवेला शेकडो किलोमीटर जायचं असेल तर मी ती घ्यायला सांगणार नाही. टोयोटा टॅरागो किंवा किया कार्निव्हल या खरं म्हणजे फॅमिली गाड्या, आत उभं राहता येत नाही, पण चालवायला कारसारख्या, रस्त्यावर लावल्या तर कोणाच्या डोळ्यात येत नाहीत, आणि एकट्या-दुकट्याला झोपायला पुरतात. बजेट कमी असेल तर इकडे बघा.

दोन-तीन लाख किलोमीटर बघून घाबरू नका, इथे अंतरंच तशी आहेत. सर्व्हिस बुक आणि बिलं असलेली तीन लाखांची व्हॅन ही काहीच कागद नसलेल्या दीड लाखाच्या व्हॅनपेक्षा कधीही बरी.

बघायला जाल तेव्हा

गमट्री ही जाहिरातींची साइट, फेसबुक मार्केटप्लेस आणि बॅकपॅकरांचे ग्रुप, तिन्हीकडे रोज बघा आणि पहिले दहा दिवस काहीही घेणार नाही असं ठरवूनच बघा, भाव कळायला तेवढे लागतात. न बघता डिपॉझिट मागणाऱ्याला पैसे पाठवायचे नाहीत, "दुसरे दोघं येतायत" असं तो शंभर वेळा म्हणाला तरी.

निघायच्या आधी प्लेट नंबर मागा आणि सर्व्हिस एनएसडब्ल्यूच्या साइटवर रेगो तपासा, फुकट असतं, मुदत कधीपर्यंत आहे ते तिथे दिसतं. नंबर द्यायला का-कू केली तर जाऊच नका. विकणाऱ्याला सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नको, गार असतानाच बघायचंय. गरम इंजिन सगळं लपवतं.

पोचल्यावर आधी गंज बघा. इथल्या व्हॅन आयुष्यभर समुद्राकाठी उभ्या असतात. छताच्या पन्हाळीत, काचेच्या रबराभोवती, चाकांच्या कमानीत आणि खाली झोपून चेसीला बघा, नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर का मारला ते विचारा. हायएसचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलायला सांगा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर इंजिनमधे पाणी गेलेलं असू शकतं, तिथूनच परत फिरा. कूलंट गढूळ, तपकिरी असेल तर तेच. चालू केल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केटची शंका. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, आठवडा आणि वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा, खाचा कितीही खोल असल्या तरी फार जुना टायर उन्हाने कडक झालेला असतो. खाचांची कायदेशीर मर्यादा दीड मिलीमीटर आहे. गाडी हायवेवर न्यायला मागा, १०० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतंय का, ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढतेय का, चढावर गिअर घसरतोय का.

आतला बेड, दिव्यांच्या माळा, पडदे याला फार भुलू नका, हे सगळं बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानातून लाकूड आणून दोन दिवसांत होतं. तिथे बघायचं ते वेगळं आहे. कागदावर पाच सीट आणि प्रत्यक्षात दोनच असतील तर पुढच्या पिंक स्लिपला प्रश्न येऊ शकतो. गॅसच्या सिलिंडरवर तारखेचा शिक्का असतो, दहा वर्षं उलटली की तो भरून मिळत नाही. दुसरी बॅटरी असेल तर वायरिंगला फ्यूज आहे का बघा, उघड्या वायरी गादीखालून नेलेल्या असतात, आग लागायला एवढं पुरतं.

गाडी आवडली तर दोन खर्च करायचेच. पहिला दोन डॉलरचा, पीपीएसआर तपासणी, सरकारी साइटवरच, व्हीआयएन नंबर टाकून. गाडीवर कोणाचं कर्ज आहे का, चोरीची आहे का, अपघातात राइट-ऑफ झालेली आहे का ते कळतं. हे आठवडा आधी करून उपयोग नाही, ज्या दिवशी पैसे देणार त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी करा आणि सर्टिफिकेट जपून ठेवा, कर्जाच्या बाबतीतलं कायद्याचं संरक्षण त्याच मुदतीत मिळतं. साइटवर छापलेला व्हीआयएन आणि गाडीवर ठोकलेला व्हीआयएन एकच आहे का तेही बघा.

दुसरा खर्च मेकॅनिकचा. एनआरएमए ही इथली मोटारचालकांची संस्था, ते येऊन पूर्ण तपासतात, दोनशे डॉलरच्या पुढे जातं पण लेखी रिपोर्ट मिळतो. तेवढे नसतील तर ही युक्ती करा, विकणाऱ्याला म्हणा की आपण दोघं मी निवडलेल्या गॅरेजमधे जाऊ आणि नवीन पिंक स्लिप काढू, पैसे माझे. पन्नास डॉलरच्या आसपास लागतात. ब्रेक, टायर, स्टिअरिंग, बेल्ट, लाइट, काच हे सगळं एका तटस्थ माणसाच्या नजरेखालून जातं. इंजिनची तब्येत यात येत नाही, ती वर सांगितलेल्या गोष्टींवरून आणि ओळखीच्या मेकॅनिककडून कळेल. गॅरेजला यायला नकार दिला तर तेच उत्तर समजा.

डीलरकडून घ्यावी का? लायसन्सवाल्या डीलरने विकलेल्या गाडीला इथे तीन महिने किंवा ५००० किलोमीटरची कायदेशीर वॉरंटी असते, पण ती दहा वर्षांच्या आतल्या आणि १,६०,००० किलोमीटरच्या आतल्या गाड्यांना. आपल्या बजेटमधली व्हॅन त्यात जवळजवळ कधीच बसत नाही. परत विकत घेण्याची गॅरंटी देणारे असतात त्यांच्या करारातल्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, किती टक्के, कुठल्या शहरात, कुठल्या स्थितीत.

भाव करताना रिपोर्टमधली प्रत्येक गोष्ट डॉलरमधे मांडा, चार टायर एवढे, बेल्ट एवढा, रेगोला दोनच महिने राहिलेत त्याचे एवढे. पुढच्या आठवड्यात ज्याचं विमान आहे तो खाली येतोच. तरी त्याला पिळून काढू नका, गाडी चांगली असेल तर वाजवी द्या, तोही बॅकपॅकरच आहे आणि अशा माणसाकडून गाडीची खरी माहिती, कुठे काय करून घेतलं, कुठला आवाज नेहमीचा, हे सगळं मोकळेपणाने मिळतं.

पैसे बँकेतून द्या, पेआयडीने, म्हणजे मोबाइल नंबर किंवा ईमेल टाकून, आपल्या यूपीआयसारखं. नव्या माणसाला पहिल्यांदा मोठी रक्कम पाठवली की बँक कधीकधी चोवीस तास अडवून ठेवते, शिवाय रोजची लिमिट असते. म्हणून लिमिट आधीच वाढवून घ्या, आदल्या दिवशी छोटी रक्कम टोकन म्हणून पाठवून बघा आणि तिची पावती लिहून घ्या.

घेतल्यावर लगेच

ग्रीन स्लिप फक्त माणसांच्या इजेसाठी आहे हे परत सांगतो. तुम्ही कोणाच्या महागड्या गाडीला धडकलात तर ते बिल तुमचंच. थर्ड पार्टी प्रॉपर्टी इन्शुरन्स त्याच दिवशी काढा, भारतीय लायसन्स आहे आणि गाडीत झोपणार आहे हे दोन्ही स्पष्ट सांगून, म्हणजे क्लेमच्या वेळी वाद नको. रोडसाइड असिस्टन्सही घ्या आणि टो किती किलोमीटरपर्यंत करतात ते विचारा.

सिडनीच्या टोल रस्त्यांवर पैसे घ्यायला कोणी बसलेलं नसतं, कॅमेरा प्लेट वाचतो. प्लेट तुमच्या टोल अकाउंटला जोडा, आणि जुन्या मालकाला त्याच्याकडून काढायला सांगा. पार्किंगच्या पाट्या शब्द न् शब्द वाचा, रहदारीच्या उलट्या दिशेला तोंड करून गाडी लावली तरी दंड होतो, आणि सिग्नल नसलेल्या चौकापासून दहा मीटरच्या आत लावायची नाही. किनाऱ्याजवळच्या गल्ल्यांत व्हॅनमधे झोपायला बंदीच्या पाट्या असतात, तिथे कौन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, लोक पहाटे येतात. झोपायच्या अधिकृत जागा विकीकॅम्प्स ॲपवर सापडतात. खोलीचा पत्ता बदलला की १४ दिवसांत सर्व्हिस एनएसडब्ल्यूला कळवा, नाहीतर दंडाची पत्रं जुन्या पत्त्यावर जातात आणि रक्कम वाढत राहते.

आणि केर्न्सच्या रस्त्याला लागायच्या आधी एक वीकेंड जवळपास काढा. ग्रेट वेस्टर्न हायवेने ब्लू माउंटन्समधे कटूंबापर्यंत चढवा, जवळजवळ हजार मीटरची चढण आहे, सामान भरून, एसी लावून, आणि टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष ठेवून. रात्री वर झोपा, कुठून थंडी येते, पाणी कुठे गळतं, बॅटरी सकाळपर्यंत टिकते का ते कळेल. उतरल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी डाग पडलेत का बघा. काही निघालं तर ओळखीचा मेकॅनिक, दारातला ड्राइव्ह-वे आणि स्वतःचा पलंग अजून आहे. खोली सोडतोय असं घरमालकाला सांगायचं ते यानंतर.